पुन्हा सांगा

पीटरहेडच्या बंदरामागे, दवाखान्याची शेवटची खोली.
भिंतींना फोम, दाराला रबर,
एवढा समुद्र शेजारी, पण आत त्याची गाज नाही.
ब्रायोनी हेडफोन पुसत होती.
सफोकहून येऊन तिला अकरा दिवस झालेले.

डॉड कार्डनो आला. वय एक्याऐंशी.
साठ वर्षं माडीवर बसून मासेमारीची जाळी सांधलेला माणूस.
"फिट लाइक?" म्हणाला.
"हो, एकदम फिट," ती म्हणाली.
त्याने जरा पाहिलं. मग विचारलं, "फार ये फे?"
"फार लांब नाही हो, इथंच, चर्चपाशी."

कशी आहेस, कुठली आहेस,
एवढंच विचारत होता तो.
दोन्ही प्रश्न टोपीसोबत मांडीवर घेऊन
निमूट बसला.

आधी शिट्ट्या.
बारीक, त्याहून बारीक,
पलीकडच्या खोलीत डास असावा इतक्या.
दर वेळी त्याचं बोट वर,
सुताने कापून कापून निबर झालेलं.
वरच्या दोन सुटल्या. त्या वयात सुटायच्याच.

मग शब्द.
रेकॉर्डिंगमधला माणूस इस्त्री केलेल्या आवाजाचा.
तो म्हणाला हाउस,
डॉड म्हणाला हूस. ब्रायोनीने फुली मारली.
माउस. मूस. फुली.
उंदराला शिंगं फुटलेली दिसली तिला.
स्पून. स्पीन.
मून.
"मीन," डॉड म्हणाला,
आणि चंद्राचा मासा होऊन
तोही फुलीखाली गेला.

सतराव्या फुलीला पेन थांबलं.
त्याला नीट ऐकू येत होतं.
अक्षर न् अक्षर येत होतं.
दिलेलं तो घरच्या मापात ओतून
परत करत होता, सांडलं काहीच नव्हतं.
पण फॉर्मवर रकाने दोनच,
बरोबर आणि चूक.

"मिस्टर कार्डनो, कान चांगले आहेत तुमचे.
मशीनची गरज नाही."

तो खूश होईल असं वाटलं होतं तिला.
त्याने टोपी पिळली.
मग बँकेत जाताना घालायची ती ताठ इंग्रजी काढली
आणि एकेक शब्द ठेवत बोलला:
पणती आहे. सहा वर्षांची. तिकडे खाली, सरेला.
रविवारी फोन करते. खूप बोलते.
आवाज पोचतो. ती पोचत नाही.
मी आपला आये, आये म्हणतो.
मागच्या रविवारी आईला म्हणाली, आजोबा ऐकतच नाहीत.
ते मात्र कळलं मला.
म्हटलं, याला मशीन असेल.

खणात तीन मापांची मशीनं होती,
पत्र्याच्या पाकिटात मसुराएवढ्या बॅटऱ्या.
याला काही नव्हतं.
काय बोलावं न सुचून तिने भिंतीकडे पाहिलं.
कानाच्या आतल्या रचनेची तसबीर
एका खिळ्यावर कलली होती.
"ऑन द हूह," तिच्या तोंडून गेलं.

सफोकमध्ये वाकड्याला असंच म्हणतात.
कॉलेजात पहिल्याच महिन्यात सगळा वर्ग हसला होता.
त्याला नऊ वर्षं झाली. तेव्हापासून
हा शब्द तिच्या जिभेवर आला नव्हता,
आईशी फोनवर बोलतानाही नाही.

डॉड पुढे वाकला.
कानामागे हात धरला, बहिरे धरतात तसा.
"फिट?"

या वेळी तिने तब्येत सांगितली नाही.
फुल्यांचा कागद पालथा घातला.
"हूह. ऑन द हूह. ती तसबीर, बघा.
तुमच्याकडे काय म्हणतात याला?"

त्याने बघितलं. मान तिरकी केली, तसबिरीइतकी.
"स्क्विंट."
तिला वाटलं, डोळ्यांची काही तक्रार आहे.

"पुन्हा सांगा," ती म्हणाली,
आणि खुर्ची जवळ ओढली.

बाहेर बाकावर पुढचा पेशंट खोकत असेल,
घड्याळाकडे बघत असेल.
आत काही ऐकू आलं नाही.