पखालवाल्याचा पाय

रंग नंतर. आधी करडा, म्हणाले सी मुफद्दल,
आणि चार महिने मी करड्यातच राहिले.
तेतुआनमध्ये, खिळे-बिजागऱ्यांच्या दुकानावरची खोली.
मंगळवार, शुक्रवार. औषधांचं दुकान बंद करून येणारी मी,
एक निवृत्त कस्टम अधिकारी,
आणि भटारखान्यातला तो पोरगा, ज्याच्या कॅनव्हासलाही पिठाचा वास.

भिंतीवर छापील चित्र, दाराएवढं:
कुणा फ्रेंच माणसानं दीडशे वर्षांपूर्वी रंगवलेलं अंगण.
खाली नुसतं ‘दक्षिणेतली दुपार’. गावाचं नाव नाही.
गालिचे, कबुतरं, पेंगणारा पहारेकरी,
कलिंगडाची फोड, तिच्यावर एक, खरोखर एकच, माशी.
कमानीखाली पाठीवर पखाल घेऊन उभा एक माणूस, अनवाणी.

चौकोन आखून उतरवायला घेतलं.
चौकोनात विचार करायचा नसतो, गोळ्या मोजतात तसं मोजायचं.
फरशीपाशी मात्र हात अडला.

माझे वडील झेलिज घडवायचे.
फेझवाले भाजलेली फरशी फोडतात, आमच्याकडे कच्ची मातीच कापतात,
चूक ओली असतानाच कळावी म्हणून.
त्यांच्या ताऱ्याला बारा टोकं. या ताऱ्याला अकरा,
आणि अकराव्यानंतर नक्षी गालिच्याखाली पाहू लागते,
उत्तर न येणारं पोर बाकाखाली पाहतं तशी.

दारावरचा लेख तर लेखच नव्हे.
एक अलिफ, एक लाम, पुढे नुसते फाटे.
तीन आठवडे मी ते न लिहिलेलं लिहीत होते
सवयीनं उजवीकडून.
“घिझलान, हा डावीकडून आलाय. कुंचला कुठे कोरडा पडलाय बघ.”
मग मीही डावीकडून गेले.
पाप केल्यासारखं वाटलं. थोडी मजाही आली.

सुधारू का, विचारलं मी. एक टोक? एखादा खरा शब्द?
“सुधार घरी जाऊन. इथे त्याचा हात चोरायचाय,
चोरायचा तर अख्खा चोर.”

मग रंग. पातळावर जाड, जाडावर धीर.
जवसाचं तेल सुकेपर्यंत रमजान येऊन गेला.

पाय शेवटी राहिला होता.
मी उन्हातला पाय कालवला: गेरू, पिवळी माती, किंचित शेंदरी.
चांगला होता. चित्रातला नव्हता.
“पुन्हा बघ.”
पुन्हा कालवला. “पुन्हा.”
तिसऱ्या शुक्रवारी निळ्याला हात घातला,
त्यात हिरवट, नखांपाशी जांभळ्याचा ठिपका,
आणि पाय बसला.

त्या भट्टीत, जिथे माशीलासुद्धा सावली आहे,
हा पाय गारठलेला आहे.
बोटं आत वळलेली.
जानेवारीत दुकानात येतात अशी बोटं,
मी मलम देते, लोकरीचे मोजे घाला म्हणते.

पॅरिसच असणार. उंच काच, उत्तरेचा उजेड,
शेगडी विझलेली, किंवा कोळसा पुरवून वापरणारा चित्रकार.
हा माणूस कोण? कुठून आणलेला? की तिथलाच हमाल,
काजळी फासून उभा केलेला, तासाच्या भाड्यानं,
पखालीत वर्तमानपत्रांचे बोळे?
अंगण ऐकीव, तारा ऐकीव, अक्षरं ऐकीव,
पाय मात्र समोर होता
आणि डोळ्याला तेवढं खोटं जमलं नाही.
त्याला हे कळलं का, माहीत नाही.
कळूनही शेगडी पेटवली नसेल.

वडिलांना दाखवायला घरी नेलं.
त्यांनी आधी टोकं मोजली, ओठ हलवत. अकरा.
“गाढव,” म्हणाले, आणि मला खूप बरं वाटलं.
मग खुर्ची ओढून बसले, स्वतःचे गुडघे चोळत,
बराच वेळ कमानीकडे बघत राहिले.
“याला किती वेळ उभं ठेवलं होतं?”
विचारता विचारता अंगठा त्या पायावर टेकला.

रंग ओला होता.
टर्पेंटाईननं अंगठा पुसून दिला मी.
नखाच्या कडेचं निळं काही निघालं नाही.