सतरा नंबरची सीट

गोलाईकडून कॉलेजकडं जाताना
मंगल कार्यालयाच्या भिंतीला लागून
भाड्याच्या निळ्या सायकलींचं स्टँड आहे.
बारा खाचा, नऊ सायकली,
त्यातली सतरा नंबरची माझ्या सवयीची.
बारा खाचांत सतरा नंबर कसा,
ते हवा भरणाऱ्या मन्मथअप्पालाही ठाऊक नाही.

मी रक्त घेते. म्हणजे लॅबमध्ये कामाला आहे.
उपाशीपोटी आलेली माणसं साडेसहापासून बाकड्यावर बसतात,
मला उशीर झाला की त्यांचा चहा लांबतो.
पावणेसहाला सायकल काढायची
तर सीट वर. रोज. माझे पाय अधांतरी.
म्हणजे काल रात्री कुणी तरी उंच माणूस
क्लासहून आला, ठेवली, गेला.
मी खटका सोडते, तळहातानं सीट दाबते,
खटका आवळते, बोटाला ग्रीस.
मग दिवसभर एकेकाच्या दंडाला पट्टा बांधताना
त्या उंच माणसाला मनात एक शिवी.

काय काय करतात माणसं एका सायकलीला.
बास्केटमध्ये उसाची चिपाडं, भेळेचा कागद,
एकदा एक मोजा, एकच.
खाचेत न लावता झेरॉक्सच्या शटरसमोर आडवी टाकतात,
झेरॉक्सवाला उचलून नालीपल्याडच्या दारात ठेवतो,
त्या दारातली बाई परत शटरसमोर.
एकानं तर साखळी घालून
आपल्याच जिन्याला बांधली होती, तीन दिवस.
"पैसे भरलेत की मी," म्हणाला.
अप्पा म्हणाले, "दवाखान्यातली खाट बी
घरी नेतूस का रं, पैसे भरून?"

सगळे हसले. मीही हसले, जरा उशिरानं.

कारण दिवाळीआधीच्या आठवड्यात
संध्याकाळी सतरा नंबर मीच गल्लीत नेली होती.
पाण्याच्या निळ्या ड्रमांमागं निळी सायकल,
दिसतेय कुणाला.
एकच रात्र, सकाळी कॅम्प होता म्हणून.
सकाळी सीट माझ्याच मापाची होती,
बोटाला ग्रीस लागलं नाही,
आणि मला वाटलं, किती सोपं असतं हे.

दुपारी ठेवायला गेले तर अप्पा
पंक्चरच्या पाण्यात ट्यूब बुडवत सांगत होते,
"काल एक लांबडं पोरगं दोनदा येऊन बघून गेलं.
एक बी सायकल नव्हती. मग पळतच गेलं बगा,
पाठीवर हे एवढं दप्तर. पेपर व्हता मनं."
ट्यूबमधून बुडबुडे येत राहिले.
मी काही बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी, सीट खाली करण्याआधी,
दांड्यावर जिथं ती रात्री थांबली होती
तिथं चिकटपट्टीचा एक तुकडा लावला,
रक्त घेतल्यावर कोपराला लावतो तोच, पांढरा.
दुपारी परत ठेवताना सीट त्या तुकड्यापर्यंत वर ओढली,
रुमालानं पुसली. पुसायचं काही ठरवलं नव्हतं.

चार दिवस काहीच नाही.
पाचव्या सकाळी सीट खाली.
मला वाटलं दुसराच कुणी बसला असेल.
वाकून बघितलं तर खालच्या बाजूला
कंपासच्या टोकानं ओढलेली एक रेघ,
सरळ, पट्टी धरून ओढल्यासारखी.
माझ्या मापाची. बोटभर चुकलेली, पण माझीच.

अजून त्याला मी बघितलेलं नाही.
थांबले तर दिसेल, नऊच्या सुमाराला येत असणार.
पण काय बोलणार? ड्रमांचं सांगावं लागेल.
त्यापेक्षा मी वर करते, तो खाली करतो,
बास्केटमध्ये हल्ली चिपाडं नसतात
(मोजा मात्र परत एक निघाला).

काल तुकडा जागचा हलला होता.
म्हटलं, सुटला असेल उन्हानं.
पण नाही, कुणी तरी नखानं सोलून
नीट दाबून परत चिकटवलेला,
पहिल्यापेक्षा अर्धा बोट वर.

अप्पाला म्हटलं, ते पोरगं
अजून वाढायलंय.