टाचण

सोमवार. तिसरी, चौथी, पाचवी, एकाच खोलीत.
पट सतरा, हजर चौदा.
विषय: परिसर.
घटक: इथं मी दीपगृह लिहिलं होतं
पुस्तकात आहे म्हणून.
मग खोडलं.
मलप्रभेच्या काठी दीपगृह कुठून आणू?

साधने: कुदळ एक, घमेली तीन,
आणि लिंगाप्पा कुंभारांचा होकार.
तो मिळवायला दोन रविवार गेले.
“माती खाल्ली म्हणून शाळंत मार खाल्ला मी,
आता मातीच शिकवतासा काय?”

कृती:
टेकाडाची तांबडी, तळ्याची काळी.
हिची किती घमेली, तिची किती?
दोनास एक, मी म्हणाले, घरून ठरवूनच आले होते.
लिंगाप्पांनी चिमूट जिभेवर ठेवली, थुंकली.
“तळं लवकर आटलंय. काळी अर्धं घमेलं वाढवा.”
पाचवीतल्या मदन बिर्जेनं वहीत लिहून घेतलं:
दोनास दीड, यंदा.
यंदा हा शब्द गुणोत्तरात बसतो का
मला ठाऊक नाही.
मी बसू दिला.

धनगरवाड्यावरची जानकी यमकर
जूनपासून माझ्या वर्गात
मोजून चार वाक्यं बोलली असेल.
ती पोटरीभर चिखलात उतरली
आणि टाचेनं माती वाचायला लागली.
एक खडा. बाहेर.
दुसरा. बाहेर.
“टाचेला कळतंय की, बाई.”
हे पाचवं.

चाक फिरलं, हातांमधून पोट वर आलं, गळा आला.
ह्याला काय म्हणायचं?
मडकं, माझी मुलं ओरडली.
मडके, म्हणाली लिंगाप्पांची नात शिवलीला,
आमच्याच आवारातल्या कन्नड शाळेत जाणारी.
मग सगळेच थांबले,
कुणीतरी आपली वस्तू दुसऱ्याच्या खिशातून काढावी तसे.
तूप, मदन म्हणाला. तुप्पा, शिवलीला म्हणाली.
अर्धा तास हेच चाललं,
कोळशानं भिंत भरली, दोन लिप्यांत.
फाट्यावरच्या आमच्या गावाच्या पाटीला
दरसाल कुणीतरी डांबर फासतं,
कधी वरच्या ओळीला, कधी खालच्या.
ते टाचणात नव्हतं.
मुलांना माहीत होतं, मला माहीत होतं,
भिंतीला मात्र त्या दिवशी कुणी हात लावला नाही.

आठ दिवसांनी आवा उघडला.
प्रत्येकाचं एक, माझं धरून पंधरा.
दहा तडकलेली.
चौथीतला जोतिबा घाडी आपली दोन शकलं
पुन्हापुन्हा जुळवत राहिला, जुळली की सोडायचा.
लिंगाप्पांनी एकेकावर टिचकी मारून दाखवली:
हे टण्ण. हे बद्द.
“डोळं मिटून ऐका, मग सांगा.”
डोळे मिटून सगळ्यांना आलं.

बुधवारी क्लस्टरचे साहेब आले.
उद्दिष्ट कुठल्या पानावरचं?
भिंत कुणी खराब केली?
मूल्यमापन तोंडी की लेखी?
मी म्हणाले, भाजून.
ते हसले नाहीत.
“पंधरात पाच. निकाल कमी आहे, मॅडम.”
खाली सही करून, चहा न घेता
दीडच्या बसला गेले.

घंटेनंतर मी शकलं गोळा करत होते,
रताळ्याच्या वाफ्याला कड करावी म्हणून.
पुढचा घटक रताळं, तेवढंच ठरलं होतं.
जानकी दप्तर पाठीला लावून दारात उभी.
तिचं मडकं शाबूत, घरी पोचलेलं,
त्यात ताक असतं म्हणे आता.
“बाई, तुमच्या मातीत खडा ऱ्हायला होता.
मला दिसला होता.
तुमी बाई, म्हणून गप बसलो.”

ती वाड्याच्या चढाला लागेपर्यंत
मी हातातलं शकूल खाली ठेवलं नाही.
मग वही उघडली.
मूल्यमापनाच्या रकान्यात, साहेबांच्या सहीच्या वर
थोडी जागा उरली होती.
तिचं वाक्य तिथं लिहिलं,
जसंच्या तसं,
शुद्धलेखन न सुधारता.