कूलर बंद

मे महिन्यात दहा नंबर पुलियाच्या पलीकडे
सिनेमा करायचा म्हणजे आधी कूलर बंद करावे लागतात.
माझं कामच ते.
कानाला हेडफोन, हातात बांबू,
बांबूच्या टोकाला माईक, माईकला जुन्या स्वेटरची बाही,
आणि दारोदार विनवणी : काकू, पाच मिनिटं फक्त.
बारा घरांचे कूलर एकेक करून थांबतात,
पाती शेवटची गिरकी घेतात,
ताट्यांतलं पाणी तेवढं टपटपत राहतं
आणि अख्खी गल्ली घाम गाळत बसते
आमच्या शांततेसाठी.
रामटेकेबाई एकदा म्हणाल्या,
"चोऱ्या पोट्ट्यायच्या दाखवून राहिले, अन् गर्मी आमाले?"
याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.
बटण त्यांनी दाबलं.

निखारेने स्कूटर विकली, कॅमेरा भाड्याने आणला.
नट आणले चौकातून, सायकल स्टँडवरून,
एक तर चौकीच्या बाकावरून.
सगळ्यांना सांगितलं, जसा आहेस तसाच राहा.
बस्स, तिथूनच पोरं बिघडली.
सोळा वर्षं कुणी उभं राहायला न शिकवलेला लंकेश
विचारू लागला, "भाऊ, मी उभा कसा राहतो?
हात कुठी असतात माहे?"
अयान खर्रा खरोखर खायचा,
कॅमेऱ्यासमोर जाहिरातीतल्यासारखा खाऊ लागला.
आणि आचल, जी शिवीशिवाय पाणी मागत नसे,
स्नेहसंमेलनाच्या मराठीत म्हणाली,
"बाबा, आपण असे का वागता?"
आम्ही हसलो.
ती दोन दिवस आली नाही.

अकराव्या दिवशी रडण्याचा सीन.
बाप जेवून उठतो, घर सोडून जातो,
पोरगं उंबऱ्यात बसून रडतं. कागदावर एवढंच.
कूलर सात वेळा बंद झाले, सात वेळा सुरू.
निखारेने कांदा आणला, ग्लिसरीन आणलं,
शेवटी आवाज चढवला.
लंकेश कोरडाच.
"मुतून येतो," म्हणाला, आणि भिंतीमागे गेला.
शर्टाच्या आत माझा कॉलर माईक
तसाच. चालू.

कानात आधी चपला. मग धार.
मग कुठलंसं कुत्रं, आणि त्याला हा म्हणाला,
"नाही बे बिस्किट. कालच संपलं."
मग बराच वेळ कापड छातीवर घासल्याचा आवाज.
मग, कुत्र्यालाच :
"मले नाही जमत. मायच्या वेळेस बी नाही जमलं.
सारे माह्याकडेच पाहून राहिले होते."

निखारेने लांबून हातानेच विचारलं, मिळालं काही?
सिनेमाला हवं ते सगळं माझ्या कानात होतं,
पंधराशे रुपयांच्या माईकवर,
एकही कूलर आड न येता.
वारा आहे, मी म्हणालो. नुसता वारा.
शेहेचाळीस डिग्री. कडुनिंबाचं पान हलत नव्हतं.

पुढच्या टेकला लंकेश रडला नाही.
उठला, बापाचं उष्टं ताट उचललं,
खरकटं एका कडेला सारलं,
मोरीवर उकिडवा बसून राखेनं घासलं,
रोज घासतो तसं, दोनदा.
निखारे कट म्हणायचा विसरला.
सिनेमात तेच आहे.
जाणकार म्हणाले, संयत आहे.

ती फाईल मी पुसली नाही.
"वारा अकरा" असं नाव दिलं
आणि ड्राइव्ह शिवणयंत्राच्या खणात टाकली,
बॉबिनांच्या खाली.
सिनेमा चोरीवरचाच होता.
कधी मध्यरात्री आठवतं, की ती तिथे आहे.
ऐकत नाही.

शेवटच्या दिवशी एक मिनिट रिकामा आवाज घ्यायचा असतो.
"काहून?" अयानने विचारलं.
सीनमध्ये भोकं पडतात, त्यात भरायला.
पोरं भिंतीला पाठ लावून उभी राहिली, हातांचा विचार न करता.
गल्लीभर कूलर बंद.
दूर कामठी रोडवर एक ट्रक, मग तोही नाही.
तिसाव्या सेकंदाला कुणाचं तरी पोट वाजलं.
कुणी हसलं नाही.
ते मी ठेवलं.
रामटेकेबाईंनी आतून विचारलं,
"झालं का, बापा?"