तेरा टेकड्या

जुन्या बोगद्यापाशी उतरलो तेव्हा पाच चाळीस.
मृदुला म्हणाली, सिंहगडापर्यंत तेरा टेकड्या.
मी आठ मोजल्या,
मग बाटलीतलं पाणी मोजू लागले.

दहालाच कातळ तापला.
खरा तापला होता तेव्हा
चटका बसायला कुणीच नव्हतं.

थरावर थर, मधे लाल मातीची रेघ:
दोन उद्रेकांमधली विश्रांती, ती म्हणाली,
काही हजार वर्षांची.
तिथेच टेकून दशम्या सोडल्या.

दगडात एक भोक, करंगळीएवढं.
वर निघालेला बुडबुडा,
पोचायच्या आत वाटच गोठली.
बोट घातलं. आत गार.

रात्री तिसऱ्या मजल्यावर बूट झटकले.
फरशीभर काळी कच.
केरसुणी आणायला उठणार,
तर गुडघे म्हणाले,
थांब की
काही हजार वर्षं.