सोमवारचं डोकं

पोतोसीत कुणी म्हणालं, माझं डोकं कधीच दुखत नाही,
तर समजायचं, काहीतरी विकायला आलाय.
चार हजार मीटरवर श्वाससुद्धा उधारीचा.

माझं औषधांचं दुकान खाणीच्या चढावर.
पट्टी कात्रीने कापून मी गोळी सुटी देते.
अख्ख्या पट्टीइतकं दुखणं
इथे फक्त पर्यटकांना परवडतं.

आणि त्याच दाराशी, पायरीवर,
बटाट्यांची पाटी घेऊन माझी आई, एउलोहिया.
चकत्या पातळ कापायच्या, मिठात लोळवायच्या,
कपाळावर मांडून रुमाल करकचून बांधायचा.
चकती काळी पडली की दुखणं तिच्यात उतरलं.
कुणाला कोकाचं पान, थुंकी लावून, कानशिलावर;
ते आपणहून गळेपर्यंत हात लावायचा नाही.

"तू विचारतेस किती देऊ," ती मला म्हणते,
"मी विचारते कुठून आलं."
उंचीचं मानेकडून चढतं.
दारूचं उजव्या डोळ्यामागे मुक्काम टाकतं.
कर्जाचं टोपीसारखं, गोल.
शेजारच्या फेर्मिनाचं सुनेचं निघालं,
तिला बटाटा दिलाच नाही आईने,
चार दिवस बहिणीकडे जा म्हणाली. उतरलं.

सुरुंगाच्या दुखण्याला मात्र
तिच्या पाटीत काही नव्हतं.

बाबा सुरुंग लावायचे.
कांडीचा तो तेलकट, गोडसर अंश
बोटांतून शिरायचा आणि थेट डोक्यात जाऊन
घण घालत बसायचा.
सोमवारी भिंत धरून घरी यायचे.
मंगळवारी निम्मं. बुधवारी जेवायचे.
शनिवारी तर शीळसुद्धा.
मग रविवार यायचा,
आणि एका सुट्टीत डोकं सगळं शिकलेलं विसरायचं.
सोमवारी पुन्हा मुळाक्षरं.

कुणा म्हाताऱ्या खाणवाल्याने त्यांना उपाय सांगितला:
डोक्याला विसरू द्यायचं नाही.
तेव्हापासून रविवारी टोपीच्या अस्तरात
कांडीवरच्या मेणकागदाचा तुकडा.
चर्चमध्ये टोपी काढावी लागायची,
तर ती मांडीवर न ठेवता चेहऱ्याशी धरून बसायचे.
लोक म्हणायचे, तेओदोसिओसारखी भक्ती नाही.

सुक्रेला शिकायला गेले तेव्हा
पुस्तकाच्या एका पानावर बाबा भेटले.
तोच पदार्थ. कणभर, पांढऱ्या गोळीत,
छातीत कळ आली तर जिभेखाली धरायचा.
आज मीच तो विकते. सोबतच्या चिठोऱ्यावर
बारीक अक्षरांत छापलेलं असतं:
डोकं दुखू शकतं.
मी ते गिऱ्हाइकाला मोठ्याने वाचून दाखवते.
का, ते सांगत नाही.

बाबा डोक्याने गेले नाहीत. छातीने गेले.
वीस वर्षांची धूळ आत थरावर थर बसलेली,
शेवटी शेवटी दोन शब्दांमध्ये
एक अख्खा जिना चढावा लागायचा.
तिरडीवर त्यांच्या कानशिलावर एक पान तसंच होतं.
खांदेकरी काढायला गेला.
"राहू दे," आई म्हणाली, "गळेल."

त्याला आता दोन वर्षं होतील.

परवा रविवारी दुकान बंद करून वर गेले,
तर आई खाटेच्या कडेला बसलेली,
वेण्यांवर बाबांची तपकिरी टोपी, कानांपर्यंत आलेली.
डोळे मिटलेले. कपाळाची शीर उडत होती.
टोपी उचलून पाहिली. अस्तरात मेणकागद.
जुना नव्हे. कोरा, तेलकट, वास येणारा.
बाजारातला रुफिनो दर शनिवारी देतो म्हणे,
पैसे घेत नाही.

मी रागावले. चक्क ओरडले.
खाली धावत जाऊन गोळी आणली, पाणी आणलं.
तिचीच सुरी घेऊन बटाटासुद्धा कापला,
जाड, वेडावाकडा,
ती असती तर हसली असती असा.
असती काय, होतीच की समोर,
पण हसली नाही.

माझा हात तिने बाजूला सारला, हळूच,
दार वाजल्यावर घरातल्या पोराला सारावं तसा.
"आत्ताच तर आलंय," म्हणाली.
"बसू दे घटकाभर."

मी गोळी पुन्हा पट्टीत बसवायला पाहिली.
बसत नाही ती, एकदा फोडल्यावर.