कथा

गाडी घेतली धुळ्याच्या बाजारातून,
चौथ्या वर्षाची, पांढरी, एकाच हातावर चाललेली.
विकणाऱ्याने काचा पुसून दिल्या,
पुढे नवं लिंबू, नव्या मिरच्या.
नवलनगरच्या पुढे पडदा आपोआप उजळला:
'घरी जायचं का, पीतांबरभाऊ?'

मी पीतांबर नाही.
माझं घर अमळनेरला. गाडीचं घर फैजपूरला,
दूध डेअरीच्या मागे, दोन तास दहा मिनिटं.

त्या रात्री अंगणात, गाडीतच बसून
एका अनोळखी माणसाचे दिवस
मी बोटाने वर सरकवत राहिलो.
सावदा, केळीचा काटा, पहाटे पाच.
जळगाव, किडनीचं हॉस्पिटल:
मंगळवार, शुक्रवार, मंगळवार, शुक्रवार,
आणि एका शुक्रवारनंतर नाहीच.
मग तापीचा पूल. सत्तेचाळीस मिनिटं. इंजिन बंद.
नंबरांमध्ये 'शोभा',
खाली 'शोभा हॉस्पिटल',
त्याच्या खाली 'शोभा जुना लावू नको'.

चोरासारखा उतरलो.
दार लावलं तर गाडी हळूच टुक म्हणाली.
तेही लिहून घेतलं असणार कुठेतरी.

आठवड्याने विमा कंपनीतल्या बाईंचा फोन.
"सर, आपण उतारावर फार जोरात ब्रेक दाबता."
म्हटलं, बाई, डुक्कर आलं होतं आडवं.
"डुक्कर आमच्याकडे दिसत नाही, सर.
ब्रेक दिसतो."

तौसीफ पिंजारीच्या गॅरेजात नेली.
"काका, एक बटण दाबलं की इथलं सगळं साफ."
आणि वर गेलेलं?
त्याने पाना पुसला, पत्र्याकडे पाहिलं.
"वर माझं गॅरेज नाही."

साफ करण्याआधी वाटलं,
फैजपूरला एक फोन करावा.
पण काय सांगणार होतो,
की भाऊ, तुमचा पूल माझ्याकडे राहिलाय?
नाही केला.
तौसीफने बटण दाबलं. पडद्याने नाव विचारलं.
मी रिकामं ठेवलं, तर पुढेच जाईना,
म्हणून 'डुक्कर' लिहिलं.
आता रोज सकाळी ती मला त्याच नावाने हाक मारते,
अगदी अदबीने.

काल गाडी दारात ठेवली,
मोबाइल दादरच्या पोत्यावर ठेवला,
आणि पायी निघालो. दीड-दोन तास लागले असतील,
मोजले नाहीत.
परत आलो तेव्हा चपलांना काळी माती.
कोकिळा कळण्याची भाकरी थापत होती.
वर न बघता म्हणाली,
"कथा गयथात?"

आमच्या अहिराणीत 'कुठे' विचारायचं तर 'कथा' म्हणतात.
साठ वर्षं हा शब्द तोंडात आहे,
पण नुसतं 'कुठे' गोळा करून
कुणाला काय मिळत असेल
हे आत्ता कुठे कळलं.

तिला सांगितलं.
तिने हं केलं, भाकरी उलटली.

इथे लिहीत नाही.